मोटारीचे मेण : तकाकी आणि संरक्षण

मोटारीच्या अंगावर मेण चोळले असता तिचा रंग टिकतो व तिला तकाकी येते, असे मोटार बाळगणारा बहुतेक प्रत्येक गृहस्थ मानतो. वस्तुतः या एका वाक्यात दोन निराळी विधाने एकत्र बांधलेली आहेत. तकाकी ही डोळ्यांना तत्काळ दिसणारी गोष्ट आहे. संरक्षण ही वर्षानुवर्षांनी कळणारी. पहिलीचा पुरावा हाती असतो, म्हणून दुसरीही खरी असणार असे मन सहज मानून घेते. शेजारच्या अंगणातील गाडी आरशासारखी चमकताना दिसली, की तिचा रंगही दीर्घायुषी असणार असे वाटू लागते. ही समजूत कोठून आली, कोणत्या काळी ती खरी होती आणि आज तिच्यात किती तथ्य उरले आहे, हे पाहावयाचे तर मोटारीच्या जन्माच्याही फार मागे जावे लागते.

रंगावर मेण द्यावे की न द्यावे, हा प्रश्न दोन हजार वर्षांचा तरी जुना आहे. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीस विट्रूव्हियस या रोमन स्थापत्यकाराने वास्तुशास्त्रावर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या सातव्या भागात हिंगुळाच्या रंगाविषयी एक मनोरंजक हकीकत आली आहे. हिंगूळ हा मोठा किमती तांबडा रंग. बंद दालनात तो उत्तम टिकतो. परंतु उघड्यावर ऊन लागले, की काळा पडतो. फाबेरियस नावाच्या एका लेखनिकाने रोममधील ॲव्हेंटाइन टेकडीवरचे आपले घर शोभिवंत करण्यासाठी चौकाच्या सगळ्या भिंती हिंगुळाने रंगविल्या. तीस दिवसांत त्या भिंती डागाळून विद्रूप झाल्या आणि बिचाऱ्याला दुसरे रंग लावून घेण्याचा मक्ता द्यावा लागला.

यावर विट्रूव्हियस उपाय सांगतो तो मेणाचा. भिंत सुकली, की थोड्या तेलात पातळ केलेले गरम मेण कुंचल्याने तिच्यावर द्यावे. मग लोखंडी पात्रात निखारे घेऊन ते भिंतीजवळ धरावे, म्हणजे मेण पाझरून सर्वत्र सारखे बसते. आणि शेवटी मेणबत्तीने व स्वच्छ तागाच्या फडक्याने ती घासावी. संगमरवरी मूर्तींनाही त्या काळी असेच मेण देत असत. आजच्या मोटारीवर मेण देण्याची रीत याहून फारशी वेगळी नाही. पातळ थर, थोडी ऊब, मऊ फडका आणि ऊन आपल्या रंगाला बाधणार नाही हा विश्वास, हे सारे त्या कृतीत आहेच.

मात्र मेणाचा दुसरा स्वभावही त्याच इटलीच्या भूमीत दिसून आला. पाँपेई नगरीबाहेरील 'रहस्यांचा प्रासाद' म्हणून ओळखली जाणारी वास्तू १९०९ साली उत्खननात उजेडात आली. तिच्या तांबड्या पार्श्वभूमीवरील भित्तिचित्रे जगप्रसिद्ध आहेत. ती टिकावीत या सद्हेतूने जीर्णोद्धारकांनी त्यांच्यावर मेणाचे लेप चढविले. काळाच्या ओघात हेच लेप पिवळसर व काळपट झाले आणि मूळ रंग त्यांच्याखाली झाकोळून गेले. २०१५ साली पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात हे जुने मेण मोठ्या कष्टाने उतरवावे लागले. म्हणजे मेण रंगाला झाकते हे खरे; पण झाकणे आणि राखणे या दोन क्रिया एकच नव्हेत.

मोटारीकडे वळण्यापूर्वी तिच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे घोड्यांच्या बग्गीचा, विचार केला पाहिजे. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत युरोपातील श्रीमंतांच्या बग्ग्यांना रंग देणे हा एक स्वतंत्र आणि प्रतिष्ठेचा धंदा होता. लाकडावर अस्तर, लुकण, रंग आणि वर जवसाच्या तेलात कोपलसारखी राळ विरघळवून केलेले रोगण, असे एकावर एक अनेक हात दिले जात. प्रत्येक हात सुकण्यासाठी वाट पाहावी लागे, मग तो घासून गुळगुळीत करावा लागे. या कामाला आठवडेच्या आठवडे लागत. तयार झालेली बग्गी आरशासारखी दिसे. परंतु ते तेलाचे रोगण उन्हापावसात पिवळे पडे, त्याला तडे जात आणि काही काळाने सगळे काम पुन्हा करावे लागे. पहिल्या मोटारी याच कारागिरांच्या हातून रंगून बाहेर पडल्या. त्यांचा रंगही तोच आणि त्याचे दोषही तेच.

मोटारी हजारोंच्या संख्येने तयार होऊ लागल्या, तेव्हा ही सावकाशी कोणालाच परवडेना. हेन्री फोर्डने १९०८ साली 'मॉडेल टी' बाजारात आणली व १९१३ साली फिरत्या पट्ट्यावरील जोडणी सुरू केली. १९१४ ते १९२५ या काळात ही गाडी फक्त काळ्या रंगात मिळत असे. डांबरवर्गीय द्रव्यांचे ते काळे रोगण भट्टीत भाजून पक्के केले जाई. ते स्वस्त होते आणि चिवटही होते. ज्यांना रंगीत मोटार हवी होती, त्यांच्यापुढे मात्र जुन्याच तेलाच्या रोगणाचा मार्ग होता.

हा अडसर दूर झाला तो अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीच्या रसायनशाळेत. बंदुकीच्या दारूसाठी वापरल्या जाणाऱ्या नायट्रोसेल्युलोज या द्रव्यापासून तिने फवाऱ्याने मारता येईल असे, झटपट सुकणारे रोगण तयार केले आणि त्याला 'ड्यूको' हे नाव दिले. जनरल मोटर्सच्या १९२४ सालच्या ओकलंड मोटारी या रोगणाच्या निळ्या रंगात रस्त्यावर आल्या, आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. आपल्याकडे लाकडी सामानाला रंग देणाऱ्या कारागिरांच्या तोंडी 'ड्यूको' हा शब्द अजून आहे. त्याचे मूळ या मोटारींच्या रंगात आहे.

मेणाला मोटारीच्या जगात जे मानाचे स्थान मिळाले, त्याचे रहस्य या रोगणाच्या स्वभावात सापडते. हे रोगण फवाऱ्यातून बाहेर पडले, की आपोआप चमकत नसे. ते घासून, पुसून चमकवावे लागे. शिवाय उन्हात त्याचा वरचा थर मरत असे. रंग म्हणजे रंगद्रव्याचे बारीक कण आणि त्यांना एकत्र धरून ठेवणारा बंधक पदार्थ. सूर्याच्या जंबुपार किरणांनी हा बंधक पदार्थ तुटू लागतो आणि रंगाचे कण उघडे पडून त्यांची पूड होते. मग मोटारीवरून हात फिरविला, तर खडूसारखी भुकटी बोटांना लागते. अशा निस्तेज गाडीवर पॉलिश घासले, की फडक्यावर रंग उतरे, मेलेला थर निघून जाई, खालचा ताजा थर वर येई आणि गाडी पुन्हा नव्यासारखी दिसे. पाहणाऱ्याला तो चमत्कारच वाटे.

या चमत्कारावर मोठमोठे धंदे उभे राहिले. शिकागो येथे १९१० साली 'सिमोनाइझ' कंपनी स्थापन झाली, आणि काही वर्षांतच तिचे नाव अमेरिकन भाषेत क्रियापद होऊन बसले. गाडीला मेण देणे म्हणजे तिला 'सिमोनाइझ' करणे. या कंपनीचा माल दोन निरनिराळ्या डब्यांत मिळत असे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एका डब्यात साफ करणारे द्रव्य असे, दुसऱ्यात मेण. पहिल्या डब्याने मेलेला रंग खरवडून काढावयाचा आणि दुसऱ्याने त्यावर पातळ थर चढवावयाचा. निस्तेज झालेली चमक परत आणण्याचे बहुतेक काम पहिला डबा करी. नाव मात्र दुसऱ्याचे होई. मोटारीच्या मेणाविषयीच्या साऱ्या गैरसमजाचे मूळ या दोन डब्यांच्या सरमिसळीत आहे.

१९४० च्या दशकात शिकागोतच बेन्जामिन हर्श नावाच्या गृहस्थाने 'प्लास्टोन' या नावाने मोटारीचे पॉलिश विकावयास काढले. पुढे तेच 'टर्टल वॅक्स' या नावाने सर्वत्र गेले. बेसबॉलच्या मैदानाबाहेर उभ्या असलेल्या मोटारींपैकी एखाद्या गाडीचा एकच फेंडर तो चमकवून ठेवी आणि मालक परत येण्याची वाट पाही, असे त्याच्याविषयी सांगतात. गाडीचा चमकलेला भाग व न चमकलेला भाग शेजारी शेजारी दिसला, की गिऱ्हाइकाला आणखी काही सांगण्याची गरज उरत नसे. तकाकीची साक्ष इतकी बोलकी असते. तो फेंडर दहा वर्षांनी गंजेल की नाही, हे मात्र त्या दृश्यावरून कोणालाच कळण्याजोगे नव्हते.

हे मेण येते कोठून, हेही जाणून घेण्यासारखे आहे. आपल्या परिचयाचे मधमाश्यांचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअस उष्णतेला वितळते. भर उन्हात उभ्या केलेल्या काळ्या मोटारीचा पत्रा इतका किंवा याहूनही अधिक तापू शकतो. तेव्हा नुसते मधमेण तेथे मऊ पडणार आणि धूळ धरणार. म्हणून मोटारीसाठी कठीण मेण हवे होते. ते ब्राझीलच्या ईशान्य भागातील कोरड्या प्रदेशात वाढणाऱ्या कार्नोबा नावाच्या ताडवर्गीय झाडापासून मिळाले. हे मेण ८२ ते ८६ अंशांपर्यंत वितळत नाही. कोरड्या ऋतूत पानांतले पाणी उडून जाऊ नये, म्हणून निसर्गाने या झाडाच्या पंख्यासारख्या पानांवर मेणाचा थर दिला आहे. पाने तोडून उन्हात वाळवितात, मग झोडपून त्यांवरील मेणाची भुकटी काढतात आणि ती वितळवून तिचे खडे करतात. अमेरिकेतील जॉन्सन कंपनीचा व्यवसाय या मेणावर इतका अवलंबून होता, की १९३५ साली तिचे प्रमुख एच. एफ. जॉन्सन हे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने कार्नोबाच्या बनांचा शोध घेण्यासाठी थेट ब्राझीलला गेले. या तकाकीमागे माणसाचे श्रमही आहेत. चालू शतकात ब्राझीलच्या सरकारी निरीक्षकांना कार्नोबाच्या काही बनांत मजूर गुलामगिरीसारख्या अवस्थेत राबताना आढळले आहेत. चकचकीत डब्यावर ही हकीकत छापलेली नसते.

आपल्या देशात मोटार आली ती प्रथम राजेरजवाड्यांच्या व धनिकांच्या दारी. इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे यांच्यासाठी १९३० च्या दशकात अमेरिकेच्या डूझेनबर्ग मोटारीच्या सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याने खास सांगाती घडविली होती. तिचा नारिंगी व काळा रंग आजही मोटारशौकिनांच्या चर्चेचा विषय आहे. सामान्य सुखवस्तू कुटुंबाच्या आटोक्यात मोटार आली ती स्वातंत्र्यानंतर. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागल्या. त्यांतल्या एकीला मुंबईकरांनी लाडाने 'डुक्कर फियाट' म्हटले. तिकडे हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसेडर १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत तयार होत राहिली. गाडीसाठी वर्षानुवर्षे क्रमांक लावून थांबावे लागत असल्यामुळे घरात आलेली गाडी एका पिढीपुरती असे. तिचा रंग एकाच जातीच्या थरांचा असे, ऊन लागून तो विटत असे, आणि म्हणून रविवारी सकाळी डबा उघडून गाडीला मेण चोळणे हा अनाठायी खर्च नव्हता. त्या रंगाला त्याची गरज होती. मुंबईच्या टॅक्सीतळांवरून शेवटची पद्मिनी २०२३ साली निघून गेली. तिच्यासोबत त्या रंगाचे युगही बहुतांशी संपले.

ते युग संपविले ते मोटारीच्या रंगात झालेल्या एका मोठ्या बदलाने. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून आणि विशेषतः १९८० च्या दशकात मोटारीच्या रंगाचे दोन भाग करण्यात आले. खाली रंगाचा पातळ थर आणि त्याच्यावर काचेसारखा पारदर्शक थर. या पारदर्शक थराला रंग नसतो. तकाकी आणि संरक्षण ही दोन्ही कामे त्याच्याकडे असतात. त्याची जाडी साधारणपणे ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या थरात जंबुपार किरण शोषून घेणारी रसायने मिसळलेली असतात. आता मोटारीला दिलेल्या मेणाचा थर पाहिला, तर तो जेमतेम एखाद्या मायक्रॉनचा किंवा त्याहूनही पातळ असतो आणि त्यातून प्रकाश आरपार जातो. जे काम पन्नास मायक्रॉनचा, त्यासाठीच योजलेला थर करतो, ते काम हा इवलासा पडदा काय करणार? विट्रूव्हियसची मेणावर जी मुख्य भिस्त होती, ती सूर्यापासून रक्षण करण्याची. आणि नेमक्या त्याच बाबतीत मोटारीच्या मेणाची मदत नगण्य आहे.

या गोष्टीचा पडताळा अमेरिकेत फार महागात आला. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत तेथील अनेक मोटारींचा रंग साल सोलावी तसा मोठमोठ्या पापुद्र्यांनी निघू लागला. सूर्याचे किरण वरच्या थरातून पार होऊन अगदी खालच्या अस्तरापर्यंत पोहोचत होते आणि त्या अस्तराची पकड सोडवीत होते. मधला जो थर त्यांना अडविता, तो खर्च वाचविण्यासाठी गाळण्यात आला होता. दोष रंगाच्या रचनेत होता. अशा गाडीला मालकाने दर महिन्याला मेण दिले असते, तरी ते किरण थांबले नसते.

दुसरा पडताळा फ्लॉरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल शहराचा. उष्ण, दमट आणि आम्लयुक्त दवापावसाच्या त्या हवेत नव्याकोऱ्या मोटारींच्या पारदर्शक थरावर न पुसता येणारे डाग पडू लागले. रंगाच्या कारखानदारांनी मग त्याच शहराला आपली प्रयोगशाळा केले. उन्हाळ्यात सुमारे चौदा आठवडे रंगविलेले पत्रे तेथे उघड्यावर मांडून ठेवण्याची प्रथा पडली आणि आम्लाला दाद न देणारी नवी रोगणे त्यातून निपजली. येथेही कायमचा उपाय रंगाच्या रसायनशास्त्राने शोधला.

मग तकाकीचे काय? तिचे शास्त्र सोपे आहे. पृष्ठभाग जितका सपाट, तितका प्रकाश एका दिशेने परत फिरतो आणि डोळ्यांना प्रतिबिंब स्वच्छ दिसते. पृष्ठभागावर सूक्ष्म ओरखडे असले, की प्रकाश चहूकडे विखुरतो आणि रंग धुरकट वाटतो. मेण त्या बारीक ओरखड्यांत बसते आणि तेवढ्यापुरती सपाटी साधते. म्हणून मेणाने गाडी चमकते, हे विधान खरे आहे. विशेषतः जुन्या, किंचित झिजलेल्या गाडीच्या बाबतीत ते सहज दिसून येते. अगदी नव्या गाडीवर फरक थोडा पडतो, कारण तिचा पृष्ठभाग मुळातच सपाट असतो. आणि मेण धुऊन गेले, की ओरखडे होते तेथेच पुन्हा दिसू लागतात. ही शोभा आठवड्यांची, फार तर काही महिन्यांची.

मेण दिलेल्या गाडीवर पावसाचे थेंब मोत्यांसारखे उभे राहतात. ते पाहून मालकाला संरक्षणाची खात्री पटते. असा थेंब आपल्या लोकांना परसातल्या अळवावर शतकानुशतके दिसत आला आहे, आणि 'अळवावरचे पाणी' हा वाक्प्रचार त्यांनी क्षणभंगुरतेसाठी योजला आहे. अळवाच्या व कमळाच्या पानावर मेणाचे अतिसूक्ष्म कण उभे असतात. त्यांच्या टोकांवर थेंब तरंगतो, घरंगळतो आणि जाता जाता धूळही घेऊन जातो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट व त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली कमळाच्या पानांवरील या क्रियेचे शास्त्र विशद केले. मोटारीच्या गुळगुळीत पत्र्यावर तशी सूक्ष्म रचना नसते. तेथे थेंब गोल होतो, पण सपाट बॉनेटवर तो बसून राहतो. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी असेल, तर थेंब सुकल्यावर क्षारांचे पांढरे वळे मागे राहते. तेव्हा थेंबाचा आकार एवढेच सांगतो, की मेण अजून शिल्लक आहे. रंग सुरक्षित आहे असे तो सांगत नाही.

येवढे ऐकून मेण अगदीच निरुपयोगी, असा निष्कर्ष काढणे हाही अन्याय होईल. मेणाचे खरे काम एखाद्या पायपुसण्यासारखे आहे. घाण आपल्या अंगावर घ्यावयाची आणि स्वतः झिजून जावयाचे. पक्ष्यांची विष्ठा, चिरडलेले किडे, झाडांचा चीक यांत रंगाला खाणारी द्रव्ये असतात, आणि उन्हाने तापलेल्या रोगणात ती लवकर उतरतात. मधे मेणाचा थर असला, तर त्या द्रव्यांना रंगाशी भिडण्यास काही वेळ लागतो आणि डाग सहज पुसून निघतो. मात्र तो वेळ तासांचा आहे. वडापिंपळाखाली उभ्या केलेल्या गाडीवरची घाण आठवडाभर तशीच ठेवून मेणाच्या भरवशावर राहणे व्यर्थ होय. जुन्या, एकाच जातीच्या रंगाच्या गाड्यांना मात्र मेणाची गरज पूर्वीइतकीच आहे. २०२३ च्या जानेवारीत वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचा जो भव्य मेळावा भरला, तशा ठिकाणी मूळचा रंग शाबूत असलेल्या गाडीचे मोल जाणकार वेगळेच करतात. नव्याने रंगविलेली गाडी कितीही चकचकीत असो, मूळ रंग एकदाच मिळतो.

म्हणूनच मेणापेक्षा जास्त सावधगिरी हवी ती मेणाआधीच्या घासण्यात. चमक आणण्यासाठी वापरले जाणारे रबिंग कंपाउंड म्हणजे बारीक खरीच असते. प्रत्येक घासणीला ती पारदर्शक थराचा थोडा अंश कायमचा घेऊन जाते. मेण पुन्हा देता येते, तो थर पुन्हा येत नाही. दर दिवाळीला यंत्राने घासून चमकविलेली गाडी काही वर्षांत आपले खरे कवच गमावून बसते आणि मालक मात्र तिची काळजी घेतल्याच्या समाधानात असतो. तीच गोष्ट रोजच्या पुसण्याची. गोव्याच्या व बेळगावच्या बाजूची तांबडी धूळ काय किंवा इंदूर-ग्वाल्हेरकडील उन्हाळ्यातली धूळ काय, तिच्यात वाळूचे कण असतात, आणि वाळू रोगणाहून कितीतरी कठीण असते. पहाटे एका बादलीत एकच फडका बुडवून दहा गाड्या पुसण्याची जी रीत शहरांच्या वसाहतींत रूढ झाली आहे, तिने पडणारे गोल गोल ओरखडे मेणाने लपतात, पण भरून निघत नाहीत. भरपूर पाण्याने धूळ आधी वाहू द्यावी आणि मगच मऊ, स्वच्छ फडका लावावा. एवढ्याने रंगाचे जे रक्षण होते, ते कोणत्याही महागड्या डब्याने होत नाही.

मेणाच्या घराण्यात नवे सभासदही येत राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर सिलिकोन आले. त्याने पॉलिश सहज पसरू लागले व अधिक टिकू लागले. परंतु पत्र्यावर त्याचा अंश राहिला, तर नवा रंग देताना तो तेथे धरत नाही आणि माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. चालू शतकात सिलिकावर आधारलेले 'सिरॅमिक' लेप आले. ते मेणापेक्षा पुष्कळ टिकतात, त्यांची किंमतही तशीच असते. पण त्यांचाही थर पातळच; दगडाचा टवका ते अडवीत नाहीत.

आता राहिला गंज. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत मोटारीचा खरा शत्रू तोच. चमकत्या बाहेरील रंगावर मेण दिल्याने गंज टळतो, अशी समजूत आहे. परंतु ओरखडा वा टवका पत्र्यापर्यंत गेलेला नसेल, तर रंग स्वतःच त्याला अडवितो, आणि गेला असेल, तर मेणाने तो फार काळ थांबत नाही. गंज बहुधा सुरू होतो तो दारांच्या व उंबऱ्यांच्या पोकळीत, जेथे पाणी साचते आणि डोळा पोहोचत नाही. मोटारींच्या कारखान्यांनी हे ओळखले आणि या पोकळ्यांत आतून मेण फवारण्याची पद्धत सुरू केली. जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीने तर १९८० च्या दशकात वितळलेले गरम मेण त्यांत ओतण्याची व्यवस्था केली होती. हे मेण कधी चमकत नाही, कोणी त्याची वाखाणणी करीत नाही. परंतु हवा आणि पाणी यांना पत्र्यापासून दूर ठेवण्याचे काम ते वर्षानुवर्षे करीत राहते. ज्याला समुद्राकाठी गाडी टिकवावयाची आहे, त्याने बॉनेटच्या आरशाकडे पाहण्याआधी पावसाळ्यापूर्वी दारांच्या तळाची भोके मोकळी आहेत की नाहीत हे पाहावे, आणि आतील मेण पुन्हा देण्याची गरज आहे का याची चौकशी करावी.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. मेणाने तकाकी वाढते, हे खरे; पण ती थोड्या दिवसांची असते. मेणाने रंगाचे रक्षण होते, हेही काही अंशी खरे. ते विष्ठा, चीक, किडे यांच्यापासून, आणि तेही वेळेवर धुतले तर. उन्हापासून रक्षण करणे हे आजच्या रंगाचे स्वतःचे काम आहे. ते त्याच्याकडून न झाले, तर मेणाकडून होणार नाही. वर्षातून दोन-तीनदा स्वच्छ धुतलेल्या गाडीला हौसेने मेण दिले, तर त्यात गैर काही नाही. मात्र डब्यावरील वचन वाचताना जुने दोन डबे आठवावेत आणि हातातला डबा त्यांपैकी कोणता, हे आधी पाहावे. मेणाचा असेल, तर खुशाल वापरावा. घासणीचा असेल, तर गाडीचे कवच किती शिल्लक आहे याचा विचार करूनच त्याचे झाकण उघडावे.